मी ओटीपी दिला नाही

"घरात फोन आहे का?" हा प्रश्न ज्या कुणी पहिल्यांदा टॅबमध्ये घातला, त्याला एकदा तलासरीच्या आमच्या पाड्यावर आणून चांगला उन्हात उभा करायची माझी फार इच्छा होती. नोकरी संपली, इच्छा राहून गेली. आता निदान दिवाळी अंकात तरी बोलून घेते.

मी आरोग्यसेविका होते. गावात 'सिस्टर', पाड्यावर 'शिस्टरबाय'. माहेर चिंचणीचं. आई मासळी विकायची आणि मी तिच्या टोपलीशेजारी बसून वाढले, त्यामुळे आवाज खालच्या पट्टीत लागतच नाही. भाव पाडून मागणाऱ्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडायचं नाही, हेही तिथेच शिकले. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मी नोकरी केली. किती लसी टोचल्या, किती बाळंतपणं केली, ते सांगत बसत नाही. सांगायचंय ते शेवटच्या वर्षांचं, डॉक्टर फोनातून यायला लागले तेव्हाचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा सोपं करून सांगते. गावातल्या उपकेंद्रात डॉक्टर नसतो, सिस्टर असते. आमच्याकडे दर गुरुवारी एक बाईडॉक्टर जीपने यायच्या. बायका त्या गुरुवारची वाट बघायच्या, कारण पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही असं पुष्कळ काही बाईच्या पोटात असतं. मग वरती ठरलं, की बाईडॉक्टरांनी शहरातच बसायचं आणि पेशंटने घरातून व्हिडिओ कॉल करायचा. कल्पना वाईट नाही हो! पावसात ओढे भरले की जीप अडकते, बाई चार पावलं चालू शकत नाही, अशा वेळी फोनातला डॉक्टर देवासारखा. मीसुद्धा आधी खूशच झाले होते.

पण त्याआधी बघायचं होतं, की माणसं याला तयार आहेत का. त्याला भारदस्त नाव होतं, 'डिजिटल सज्जता'. टॅब घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं: फोन आहे का, काचेचा आहे का, रेंज येते का, व्हिडिओ कॉल जमतो का. सगळ्याला 'हो' आलं की त्या घराला हिरवा ठिपका. पाड्यावर हिरवे ठिपके पुरेसे झाले की गुरुवारची जीप बंद. हे काम माझ्या गळ्यात पडलं. देखरेखीला प्रकल्पाचा एक समन्वयक होता, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. त्याचं नाव घेत नाही. मुलगा वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

पहिल्याच आठवड्यात एका घरी गेले. सुनेला विचारलं, "फोन आहे का?"

"हाय."

"काचेचा?"

"मोठा हाय, काचेचा."

मी घाईत टॅबवर चारही प्रश्नांना 'हो' करून टाकलं. हिरवा ठिपका आला. म्हटलं, "आण बघू, आता खरंच रेंज येते का बघते."

"तो वेरावळला हाय," ती म्हणाली.

आमच्याकडची तरणी माणसं नारळी पौर्णिमा झाली की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात ती थेट पावसाच्या तोंडाशी परततात. फोन त्यांच्याबरोबर जातो. आता ती सून खोटं बोलली का? मुळीच नाही! नवरा बोटीवर गेला म्हणून घरचा नाहीसा होतो का? तसाच फोन. टॅबला हे कुठून कळणार? मी ठिपका पुसायला गेले तर पुसेना. समन्वयकाला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, एकदा उत्तर गेलं की सिस्टीममधून काढता येत नाही."

"मग तुझ्या सिस्टीमलाच बोटीवर पाठव," मी म्हटलं. तो हसला. मी हसले नव्हते.

रेंजचं तर विचारूच नका. डोंगराकडच्या पाड्यांत फोन उघडला की मेसेज येतो, गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे. माणूस आपल्याच ओट्यावर नाचणी निवडत बसलेला! मग फोनातली बाई गुजरातीत सांगते, थोड्या वेळाने प्रयत्न करा. तिचं गुजराती सगळ्यांना कळतं, आमच्याकडे बाजार तीन भाषांत चालतो. कॉल तेवढा लागत नाही.

आणि कॉल लागला तरी माणूस कॉलवर बोलेलच असं नाही. सोमीआजी म्हणून एक दम्याची म्हातारी होती. चाचणीच्या कॉलला तिच्यासमोर फोन धरला की ती पदर सारखा करायची, हात मांड्यांना चिकटवायची आणि श्वास रोखून उभी राहायची. डॉक्टर तिकडून विचारतायत, "आजी, दम लागतो का? चढण चढता येते का?" आजी हूं नाही की चूं नाही. दम्याची बाई श्वास रोखून उभी, मलाच घाम फुटला. कॉल संपल्यावर सुस्कारा सोडून विचारते, "आला का बाय, फोटो?" तिच्या लेखी कुणी समोर फोन धरला की तो फोटोसाठीच. टॅबने तिला 'व्हिडिओ कॉल जमतो' असं लिहून टाकलं होतं, कारण नातवाने 'हो' म्हटलं होतं.

हे फक्त डोंगरातच होतं असं समजू नका. आमच्या चिंचणीला काशिनाथमामा, जन्मभर दर्यावर गेलेला माणूस. साखरेचा आजार, उजव्या पायाला जखम. फोनवर डॉक्टरला पाय दाखवायचा ठरला. मामांनी आंघोळ केली, लग्नातला शर्ट घातला आणि मोठ्या ऐटीत डावा पाय कॅमेऱ्यासमोर धरला. डॉक्टर खूश, "वा, जखम छान भरली की!" मी तिथे माहेरपणाला गेले होते म्हणून पकडलं. "मामा, हा कुठला पाय?" तर माझ्यावरच डाफरले, "एवढ्या मोठ्या डॉक्टरला घाण दाखवायची का? काही रीतभात आहे की नाही?" जळ्ळी मेली ती रीतभात! उजवा पाय उघडून दाखवला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडला. पाय वाचला, दोन बोटं गेली.

हे सगळं मी हसून सांगतेय खरी. पण लाडकीच्या वेळी मला हसू आलं नाही.

लाडकी चाळिशीची बाई. नवरा रमण बोटीवर, मुली आश्रमशाळेत, घरात ती आणि सासरा लहानूबाबा. लहानूबाबा म्हणजे पाड्यावरचं मोठं माणूस, कमरेला कोयता, शब्दाला वजन. फोन एकच, तो त्याच्या सदऱ्याच्या खिशात. रमणने बोटीवरून बोलायला घेऊन दिलेला.

भातकापणी झाली तेव्हापासून लाडकीच्या अंगावरून जात होतं, थांबतच नव्हतं. हे तिने एकट्या मला सांगितलं, तेही बीपी घेताना, माझा कान तोंडाजवळ ओढून. डोळ्यांची पापणी खाली केली तर आत पांढरं फटक. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात चल." ती म्हणाली, "सासऱ्याला काय सांगू? कशाला जाते म्हणून? तू नको सांगू, तुला माझ्या पोरींची आण. गुरुवारी बाईडॉक्टर येल, तिला सांगते. ती बोलली तर तो नाय म्हणायचा नाय." मलाही ते पटलं. डॉक्टरच्या शब्दाला लहानूबाबा मान द्यायचा. गुरुवार तीन दिवसांवर होता.

आणि त्याच गुरुवारी समन्वयकाने प्रात्यक्षिक ठेवलं! जीप येणार नाही, डॉक्टर फोनवर येणार, आदर्श पेशंट म्हणून हिरव्या ठिपक्याचं घर निवडलेलं: लाडकीचं. रेंज कुठे, तर दुकानापुढच्या आंब्याखाली. तिथे बॅनर बांधला, खुर्च्या मांडल्या. सगळा पाडा जमला, बाप्ये पुढे, बाया मागे, पोरं आंब्यावर.

लहानूबाबाने खिशातून फोन काढला आणि स्वतःच धरला. त्यात त्याचं काही वावगं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे भगताकडे गेलं की ज्याचं दुखतं त्याने बोलायचं नसतं, घरातल्या मोठ्याने सांगायचं असतं. तीच रीत त्याने डॉक्टरला लावली.

डॉक्टर स्क्रीनवर आल्या. "लाडकी, काय त्रास होतो?"

"थकते ती," लहानूबाबा म्हणाला. "हातपाय गळतात. पाटी उचलवत नाय."

"लाडकीला बोलू द्या. लाडकी, पाळी नीट येते का?"

लहानूबाबाने तोंड फिरवलं, तसा फोनही फिरला आणि डॉक्टरांना आंब्याची पानं दिसायला लागली. लाडकीने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघून म्हणाली, "हां. नीट हाय."

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सांगितल्या, ताकद येईल म्हणाल्या. समन्वयकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. फोटो निघाले. लाडकी उठली, दोन पावलं गेली आणि दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिली. तिच्या लुगड्याला मागून डाग होता. मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. त्या क्षणी माझं डोकं असं भडकलं की काय सांगू!

मी समन्वयकापुढे जाऊन उभी राहिले. "हा कॉल झालेला नाही. परत करायचा."

"सिस्टर, यशस्वी झाला. रेकॉर्ड आहे."

"चुलीत घाल तुझं रेकॉर्ड. बाई काही बोललीच नाही."

"बोलली की. नीट आहे म्हणाली."

"तू सांग बरं इथे, या सगळ्यांसमोर, तुला परसाकडे साफ होतं का ते?"

तो लाल झाला. बाप्ये खदखदा हसले. मला मात्र त्याची कीव आली नाही. तो हळूच म्हणाला, "सिस्टर, पाड्याचा अहवाल आज बंद करायचाय. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

तर हे असं होतं. अहवाल सिस्टरच्या ओटीपीशिवाय पुढे जायचा नाही. पाडा सज्ज, असं वर कळवायचं तर माझ्या फोनवर आलेला आकडा मी बोलायला हवा होता. फोन माझ्या पर्समध्ये टुण्‌ करून वाजला, सगळ्यांनी ऐकला.

"नाही देणार," मी म्हटलं.

"अहो सिस्टर!"

"ओटीपी कुणालाही सांगू नये, अशी रोज जाहिरात लागते. मी नियम पाळणारी बाई आहे."

दुसऱ्या दिवशीही ओटीपी आला, तिसऱ्या दिवशीही. समन्वयकाने विनवलं, मग त्याच्या वरच्याने दरडावलं, मग आमच्या वरच्यांनी समजावलं. "सिस्टर, रिटायर व्हायला थोडे महिने राहिलेत, कशाला नसती भानगड?" मी म्हटलं, थोडे महिने राहिलेत म्हणूनच. कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली. लिहिलं, की पाडा सज्ज आहे, आपण नाही आहोत. फोन कुणाच्या खिशात असतो, बोलणारी बसणार कुठे, आजूबाजूला ऐकायला कोण कोण, हे विचारल्याशिवाय मी एकाही घराला हिरवं म्हणणार नाही. उत्तर आलं नाही. अशा कागदांना उत्तरं येत नसतात.

लाडकीपाशी मात्र तेवढा वेळ नव्हता. उपकेंद्रात लशींच्या फ्रीजची खोली होती, तिला दार होतं आणि आतून कडी. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात फोन धरला तर रेंज यायची, ते मी फिरून फिरून शोधून काढलं. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीला हाताशी घेऊन खोकी बाहेर काढली, खिडकीला माझी साडी लावली. बाईडॉक्टरांना फोन करून एवढंच सांगितलं, "उद्या दुपारी एका बाईला परत बघायचं. त्या दिवशी तिला बोलता आलं नाही. या वेळी ती एकटी असेल." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पानं दिसत होती." चांगल्या बाई होत्या हो त्या.

राहिला लहानूबाबा. मी घरी गेले आणि म्हटलं, "बाबा, उद्या लाडकीला घेऊन ये, फोन घेऊन ये. आत ती बोलेल, तू बाहेर."

कोयता खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "मी बाहेर? ती काय चोरी करते? तिच्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवू, दुखणं मला ठाव नाय म्हणून?"

"बाबा, हे बायांचं दुखणं हाय."

"तं मी तोंड फिरवून बसन."

"त्या दिवशी फिरवलं होतंस ना? ती बोलली का?"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे तो बघत बसला. मला वाटलं, गेलं सगळं. आणि मग माझ्या आईची बाजारातली अक्कल कामाला आली. समोरच्याला हरवायचं नाही, त्याला त्याच्या मोठेपणासकट आपल्या बाजूला आणायचं. मी म्हटलं, "बाबा, मला दाराशी माणूस पाहिजे. कुणी आत शिरलं तर ती परत बोलायची नाय, आणि नाय बोलली तर ती वाचायची नाय, हे मी तुला तोंडावर सांगते. माझं कोण ऐकणार? तुझा शब्द पाड्यावर चालतो."

कोयता परत कमरेला खोवत तो म्हणाला, "वाचायची नाय?"

"नाय."

"येतो," तो म्हणाला.

लाडकीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला डहाणूला बोलावलं. रक्त चढवलं, पिशवीत गाठ निघाली, साधी गाठ. ऑपरेशन झालं. गेल्या आवणीला ती चिखलात उभी राहून रोपं लावत होती. माझं म्हणाल तर मी निवृत्त झाले आणि नंतर आलेल्या मुलीच्या मोबाईलवरून ओटीपी गेला. त्या पोरीला काय बोलणार, तिची नोकरी कच्ची होती. आता जीप महिन्यातून एकदाच येते. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं, आणि जो भेटेल त्याच्याशी मी अजूनही भांडते. पण फ्रीजच्या खोलीची कडी शाबूत आहे. बाया तिथे येऊन बोलतात. ते कुणाला बंद करता आलेलं नाही.

आता त्या दुपारचं. आम्ही आत होतो. मी फोन खिडकीच्या कोपऱ्यात धरला होता, लाडकी स्टुलावर. कडी लावलेली. ती आधी नुसती बोटं मोडत होती. डॉक्टर थांबून राहिल्या. मग लाडकी बोलायला लागली, इतक्या हळू की डॉक्टरांनी कान पुढे केला. भातकापणीपासून, म्हणाली. फडकी पुरत नाय, म्हणाली. रात्री उठून ओढ्यावर धुवून आणते.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बुटांचा आवाज आला आणि समन्वयकाचा तो गोड आवाज, "बाबा, सिस्टर आत आहेत का? कॉल चालू आहे ना? एक फोटो घेतो फक्त, मोठे साहेब आलेत."

लाडकी थांबली. मी तिच्याकडे बघितलं, तिचे ओठ मिटलेले, त्या आंब्याखाली मिटले होते तसे. मी दाराकडे जाणार तर फोन खाली येणार, रेंज जाणार. मला हलता येईना. देवाला हाक मारायचीही मला सवय नाही, तरी मारली.

दारामागून लहानूबाबाचा आवाज आला. ओरडला नाही तो. पाड्याच्या पंचात बोलतो तसा बोलला.

"फोटो नाय. तिकडं बस."

"अहो बाबा, हे मोठे साहेब आहेत, लांबून आलेत."

"मी तिचा सासरा हाय," लहानूबाबा म्हणाला, "अन् मी बाहेर बसलोय. तुझा साहेब तिचा कोण?"

बूट दूर गेले, बाकडं करकरलं, कुणीतरी बसलं.

लाडकीने पदराने तोंड पुसलं. स्टूल ओढून फोनाजवळ आणलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "हां. तं मी काय सांगत व्हते, नीट ऐक," आणि ती सांगायला लागली, आता चांगलं खणखणीत, दाराबाहेर ऐकू गेलं तर जावो अशा आवाजात.